जीप घ्यायच्या आधी घराचं बघा

आंजर्ल्याजवळच्या एका वाचकाचं पत्र आहे. वय 38, घरात पत्नी, दोन मुलं आणि आई. घराला लागून चार खोल्यांचा होमस्टे, त्यावर 11 टक्क्यांनी 14 लाखांचं कर्ज. 1995 ची महिंद्रा एमएम 540 जीप 2 लाख 80 हजारांना मिळतेय. पाहुण्यांना तिच्यातून कड्यावरचा गणपती, हर्णै बंदर फिरवायचं. फेरीला दीड हजार, वर्षाला शंभर फेऱ्या. प्रश्न एवढाच की पैसे विमा पॉलिसी मोडून उभे करावेत की पत्नीचे दागिने तारण ठेवून? ‘मेकॅनिक म्हणतो प्यूजोचं इंजिन आहे, मरत नाही,’ असंही लिहिलंय.

मेकॅनिकचं म्हणणं अर्धं खरं आहे. 2112 सीसीचं हे डिझेल इंजिन जेमतेम 62 हॉर्सपॉवरचं, त्यामुळे त्याच्यावर ताण कमी. इलेक्ट्रॉनिक्स नाही, डिझेलचा पंप यांत्रिक. कुठल्याही जुन्या गॅरेजात खोलता येतं. पण अशी इंजिनं तापली की हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या माथ्याखालची सीलची चकती, जातं. आपल्याकडे कूलंटऐवजी विहिरीचं पाणी ओतायची सवय असते, त्याने रेडिएटर आतून गंजतो, चोंदतो आणि घाट चढताना तापमानाचा काटा वर जातो. म्हणून गाडी बघायला सकाळी जा आणि इंजिन गार असतानाच चालू करायला लावा. त्याआधी रेडिएटरचं झाकण उघडून बोट फिरवा. पाणी तांबूस असेल तर गंज आहे, बोटाला तेलकट लागलं तर गॅस्केटवर शंका घ्या. इंजिन चालू झाल्यावर तेलाचं झाकण काढा. तिथून धूर भकाभका येत असेल तर पिस्टन-रिंगा संपल्यात. सायलेन्सरचा निळा धूर म्हणजे तेल जळतंय, काळा असेल तर नोझल किंवा पंपाचं काम. ब्रेक दगडासारखा लागला तर अल्टरनेटरवरचा व्हॅक्यूम पंप बघा. आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, ठोका, विशेषतः स्प्रिंगच्या पाट्यांच्या खुंट्यांजवळ. इंजिन दुरुस्त होतं. खाऱ्या वाऱ्याने खाल्लेली चेसिस होत नाही.

दुरुस्तीला 90 हजार धरा, म्हणजे गाडी पडली 3 लाख 70 हजारांना.

शंभर फेऱ्या होणार नाहीत. पावसाळ्याचे चार महिने सोडा. उरलेले बत्तीसएक शनिवार-रविवार आणि सुट्ट्या धरून चाळीस फेऱ्या झाल्या तर खूप. साठ हजार आले. डिझेल 12 हजार, देखभाल 25 हजार, विमा आठ हजार. उरले पंधरा हजार, म्हणजे चार टक्के. एवढ्यासाठी पत्नीचे दागिने तारण ठेवायचे?

शिवाय ही कमाई पांढऱ्या पाटीच्या गाडीवर करायची, तेही परवान्याशिवाय. इतक्या जुन्या जीपला पर्यटक परवाना मिळेल ही आशा धरू नका. पैसे घेऊन पाहुणे नेताना अपघात झाला तर विमा कंपनी भाड्याचा वापर दाखवून हात वर करेल. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत खासगी गाडीतल्या प्रवाशांची जबाबदारी धरलेलीच नसते. भरपाई तुमच्या घरावर येईल. पाहुण्यांसाठी गावातल्या परवानावाल्या गाडीशी ठरवून टाका.

आता तुम्ही विचारलं नाही ते. तुमच्या त्या विमा पॉलिसीचे तपशील पत्रात आहेत: वर्षाला 90 हजारांचा हप्ता, मुदत 15 वर्षं, तीन हप्ते भरलेत, जीवनविमा नऊ लाख. कर्जच 14 लाख! तुम्हाला काही झालं तर पत्नीच्या हाती नऊ लाख येतील आणि बँकेचे पाच लाख तरीही देणं राहील. एवढा मोठा हप्ता घेणाऱ्या एजंटने हे बघितलं नाही, याचा मला मनापासून राग येतो. त्याने 12 टक्के परतावा सांगितला. कागदावर मुदतीअखेर 19 लाख आहेत. 12 टक्क्यांनी या हप्त्यांचे साडेसदतीस लाख व्हायला हवेत. हा परतावा चार टक्क्यांच्या थोडा वर आहे. चार टक्के मिळवायला तुम्ही 11 टक्क्यांचं कर्ज अंगावर ठेवलंय.

तरीही पॉलिसी मोडू नका. तीन हप्त्यांनंतर भरलेल्या रकमेच्या साधारण 35 टक्के, म्हणजे 2 लाख 70 हजारांचे 95 हजार हाती येतील. त्यापेक्षा ती पेड-अप करा. पुढचे हप्ते बंद, मुदतीअखेर साधारण पाचवा हिस्सा, 3 लाख 80 हजार मिळतील. आकडा कंपनीकडून लेखी घ्या. वाचलेल्या 90 हजारांतून 75 लाखांचा टर्म विमा, म्हणजे फक्त मृत्यूनंतर पैसे देणारा विमा, घ्या, निर्व्यसनी असाल तर पंधरा हजारांच्या आसपास पडेल. उरलेल्या 75 हजारांतून आधी सहा महिन्यांचा घरखर्च आणि कर्जाचे हप्ते बाजूला काढा, मग मुद्दल फेडा.

जीप मनापासून हवी असेल तर हे सगळं झाल्यावर, शिल्लक पैशातून, स्वतःच्या फिरण्यासाठी घ्या.

चौथा हप्ता पुढच्या महिन्यात आहे असं लिहिलंय. वार्षिक हप्ता भरायला तारखेनंतर तीस दिवसांची सवलत असते. टर्म विम्याचा अर्ज आजच भरा, वैद्यकीय तपासणी करून घ्या, जुने आजार लपवू नका. नवी पॉलिसी हातात पडेपर्यंत जुनीला हात लावू नका.