दहावीनंतर काय, आणि किती फीमध्ये? पालकांचे प्रश्न

प्रश्न : मुलाला दहावीला ७४ टक्के मिळालेत, शाळा मराठी माध्यमाची. मिस्टर दुकानात कामाला आहेत, महिना २२ हजार. आम्ही ओपनमध्ये येतो. दीर म्हणतात, अकरावी सायन्सला घालून इंटिग्रेटेड क्लास लावा, नाहीतर इंजिनिअरिंग हातचं जाईल. मुलगा मात्र घरातला पंखा, मिक्सर उघडून बसतो. डिप्लोमाला घालावं का? आणि खर्च झेपेल का? – एक आई, भांडुप

उत्तर : डिप्लोमाला घाला. इंजिनिअरिंग हातचं जाणार नाही. अकरावी-बारावीची दोन वर्षं आणि डिग्रीची चार मिळून सहा होतात. डिप्लोमाची तीन आणि नंतर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेतला की पुढची तीन, म्हणजे तीही सहाच. थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाला सीईटी नसते. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाच्या गुणांवर मेरिट लागतं आणि ओपनला किमान ४५ टक्के लागतात. शिवाय तिसऱ्या वर्षानंतर घरची ओढाताण असेल तर मुलगा नोकरीला लागू शकतो. नुसत्या बारावी सायन्सवर तशी नोकरी मिळणं अवघड. मात्र त्याच्या मनात कुठेतरी डॉक्टर व्हायचं असेल तर ते आत्ताच विचारून घ्या, कारण नीटला बायोलॉजीसह बारावी लागते.

इंटिग्रेटेडबद्दल आमचं मत चांगलं नाही. नाव एका ज्युनिअर कॉलेजात असतं, मुलगा दिवसभर क्लासात बसतो आणि फी दोन्हीकडे जाते. बारावीला फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे प्रत्येकी ३० गुण प्रॅक्टिकलचे असतात. लॅब न पाहिलेल्या मुलाला ते कागदावर मिळतीलही, पण तो शिकत काहीच नाही. पंखा उघडणाऱ्या मुलाला तिथे बसवणं म्हणजे शिक्षाच.

आता खर्च. डिप्लोमाला फी किती, हा प्रश्न अर्धवट आहे. जागा कुठली, त्यावर फी ठरते. बांद्रा पूर्वेला खेरवाडीचं शासकीय तंत्रनिकेतन आणि माटुंग्याच्या व्हीजेटीआयचा डिप्लोमा या सगळ्यांत आधी बघायच्या जागा. त्यानंतर अनुदानित शाखा, म्हणजे सरकारी अनुदानामुळे जिथे फी कमी असते त्या. विद्याविहारच्या सोमय्या पॉलिटेक्निकमध्ये अनुदानित आणि विनाअनुदानित अशा दोन्ही शाखा एकाच आवारात आहेत. पार्ल्याच्या भगुभाई मफतलालमध्येही अनुदानित शाखा आहेत. खासगी विनाअनुदानितचा नंबर यांच्या खाली. ऑप्शन फॉर्म भरताना प्रत्येक चॉइस कोडसमोर (कॉलेज आणि शाखेचा क्रमांक) ‘एडेड’ म्हणजे अनुदानित आहे की ‘अनएडेड’ हे वाचल्याशिवाय कोड टाकू नका. कॉलेजचं नाव बघून भरलेला फॉर्म पुढे तीन वर्षं महागात पडतो.

७४ टक्क्यांना कॉम्प्युटर किंवा आयटी सरकारी जागेवर मिळेल असं धरून चालू नका, त्या जागा सर्वांत वरच्या टक्क्यांना बंद होतात. मेकॅनिकल, सिव्हिल, इलेक्ट्रिकलला आशा जास्त. खेरवाडीला रबर टेक्नॉलॉजीसारखी शाखाही आहे, तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. तुमच्या मुलाचा कल पाहता इलेक्ट्रिकल किंवा मेकॅनिकल वर ठेवा. येण्याजाण्याचाही विचार करा. भांडुपहून विद्याविहार सरळ स्लो गाडीने होतं, बांद्र्याला मात्र दादरला गाडी बदलावी लागते. दिवसभर लेक्चर आणि प्रॅक्टिकल, वर घरी ड्रॉइंग शीट आणि जर्नल. रोज तीन तास प्रवासात गेले तर पहिल्या सेमिस्टरला मुलगा थकतो.

खासगी कॉलेजच घ्यावं लागलं तर दोन वाटा आहेत. पहिली टीएफडब्ल्यूएस, म्हणजे ट्यूशन फी माफीची योजना. मंजूर जागांच्या वर ५ टक्के जागा असतात आणि त्यांवर पूर्ण कोर्सची ट्यूशन फी माफ होते. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं, तुमचं २ लाख ६४ हजार आहे. अडचण एकच, ६० जागांच्या शाखेत ५ टक्के म्हणजे फक्त ३ जागा. त्यामुळे त्यांचं मेरिट नेहमीच्या जागेपेक्षा वर जातं. तरी कोड भरायला काही लागत नाही. या जागांचा कोड वेगळा असतो, शेवटी ‘टी’ अक्षर. तो मुद्दाम निवडावा लागतो, आपोआप मिळत नाही. एकदा ही जागा घेतली की पुढे कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही.

दुसरी वाट राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीची. ओपनमधल्या मुलाला ८ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर निम्मी ट्यूशन फी मिळते. प्रवेश मात्र सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप फेरीतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातली जागा घेतली की हे सगळं गेलं. (मुलगी असती तर चित्र आणखी वेगळं होतं. २०२४च्या शासन निर्णयानुसार आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना, उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ आहे.)

मुंबईत बहुतेकांचं अडतं ते कागदांवर. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि मुलाचा अधिवास दाखला प्रवेशफेरीची वाट न बघता काढायला टाका. गर्दीच्या दिवसांत दोन-तीन आठवडे सहज जातात. दुकानमालकाचं पगारपत्र किंवा बँकेचा उतारा जवळ ठेवा.

शाळा सोडल्याचा मूळ दाखला एकच असतो. पालक घाईने तो अकरावीच्या कॉलेजात जमा करतात आणि पॉलिटेक्निकची फेरी लागली की धावपळ सुरू होते. अकरावी आणि डिप्लोमाची प्रक्रिया साधारण एकाच काळात चालते, तेव्हा अकरावीचा प्रवेश राखायचाच असेल तर तो रद्द करायची शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

शिष्यवृत्तीचे पैसे महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून येतात आणि बँक खातं आधारशी ‘सीड’ केलेलं, म्हणजे सरकारी पैसे जमा होण्यासाठी जोडलेलं असावं लागतं. बँकेत केवायसी झालं म्हणजे सीडिंग झालं असं नाही. त्यासाठी वेगळा फॉर्म असतो. दोन बँकांत खाती असतील तर पैसे शेवटी सीड झालेल्या खात्यात जातात, आणि पालक भलत्याच पासबुकात शोधत बसतात. अर्जाचं नूतनीकरण दर वर्षी करावं लागतं. मुलगा ‘इयर डाऊन’ झाला, म्हणजे नापास होऊन त्याच वर्षात राहिला, तर त्या वर्षाची रक्कम मिळत नाही. म्हणूनच मराठी माध्यमाच्या मुलाने जून-जुलैत गणिताच्या इंग्रजी संज्ञा बसवून घ्याव्यात. पहिल्या सेमिस्टरला मुलं अडकतात ती बहुधा गणितातच, आणि तीही प्रश्न न कळल्यामुळे.

प्रश्न : मुलाला ५२ टक्के आहेत. आयटीआय केलं की शिक्षण तिथेच संपतं, असं नातेवाईक सांगतात. खरं आहे का? – एक पालक, कुर्ला

उत्तर : खरं नाही. दहावी पास होऊन दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केला की राज्य मंडळाचे दोन भाषाविषय देऊन बारावीची समकक्षता मिळते. शिवाय डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षालाही जाता येतं.

सरकारी आयटीआय तुमच्याच कुर्ल्यात आहे, मुलुंडलाही आहे, आणि सरकारी आयटीआयची फी रिक्षावाल्यालाही परवडते. इलेक्ट्रिशियन, फिटर, एसी-रेफ्रिजरेशन हे दोन वर्षांचे ट्रेड. वेल्डर एक वर्षाचा. एक वर्षाचा ट्रेड घाईने घेऊ नका, वर सांगितलेल्या वाटांना दोन वर्षांचाच लागतो. खासगी आयटीआयमध्ये जायची वेळ आली तर तो ट्रेड एनसीव्हीटी (केंद्राची व्यवसाय प्रशिक्षण परिषद) संलग्न आहे का, हे आधी विचारा.

इलेक्ट्रिशियन झाल्यावर राज्याच्या अनुज्ञापक मंडळाकडून तारतंत्रीचा (वायरमनचा) परवाना काढता येतो. घरगुती वायरिंगची कामं करायची असतील तर तो हवाच, मात्र कामं स्वतःच्या नावावर घ्यायला विद्युत ठेकेदाराचा वेगळा परवाना लागतो. नंतर अ‍ॅप्रेंटिसशिप. मध्य रेल्वेच्या परळ-माटुंगा वर्कशॉपच्या अ‍ॅप्रेंटिस भरतीत दहावीला किमान ५० टक्क्यांची अट असते, तुमच्या मुलाचे ५२ तिथे कामाला येतात. माझगाव डॉक तर दहावी पास मुलांनाही थेट अ‍ॅप्रेंटिस म्हणून घेतं. जाहिरात आली की अर्ज भरा, आयटीआय चालू असलं तरी.

प्रश्न : मुलीला कॉमर्स घ्यायचं आहे. तिच्या मैत्रिणीला त्याच कॉलेजात निम्मी फी सांगितली, आम्हाला जास्त. असं कसं? – एक वडील, गोरेगाव

उत्तर : मैत्रिणीला बहुधा अनुदानित तुकडी मिळाली असेल आणि तुमच्या मुलीला विनाअनुदानित किंवा स्वयंअर्थसहाय्यित. कॉलेज एकच असलं तरी कोड वेगळे असतात. अकरावीच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये दहापर्यंत पसंतीक्रम भरता येतात. वरचे अनुदानित ठेवा. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर प्रवेश घ्यावाच लागतो, न घेतल्यास पुढच्या नियमित फेऱ्या बंद होतात, म्हणून फी न विचारता पहिला नंबर लिहू नका. आयटी विषय घेतला तर बऱ्याच ठिकाणी त्याची फी वेगळी लागते, तीही धरून बेरीज करा.

प्रश्न : दोन विषय राहिले. वर्ष वाया गेलं का? – एक विद्यार्थी, चेंबूर

उत्तर : नाही. एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो, मात्र ते विषय सोडवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. डिप्लोमाला ही सवलत नाही, तिथे दहावी पूर्ण पास लागते. पुरवणी परीक्षेचा फॉर्म शाळेतूनच भरायचा असतो आणि त्याची मुदत फार थोडी असते. उद्याच शाळेत जा.