अमेरिकेत विम्यावर औषध घेताना रिबेट काउंटरवर का वजा होत नाही?

तुमचा प्रश्न असा आहे: कंपनीच्या विम्यावर महागडं ब्रँडेड औषध घेता, त्यावर विम्याला रिबेट, म्हणजे औषध कंपनीकडून परतीची सूट मिळते, मग डिडक्टिबल (विमा पैसे द्यायला लागण्याआधी वर्षाला स्वतः भरायची रक्कम) संपेपर्यंत फार्मसी छापील दराच्या आसपास पैसे का घेते?

कारण बिल होतं तेव्हा रिबेट आलेलंच नसतं. औषध कंपनी ते विक्रीनंतर काही महिन्यांनी पीबीएमला देते. विम्याच्या औषधांचा कारभार बघणाऱ्या या मध्यस्थांत सीव्हीएस केअरमार्क, एक्सप्रेस स्क्रिप्ट्स आणि ऑप्टम आरएक्स हे तीन मोठे. पीबीएम त्यातला ठरलेला वाटा तुमच्या कंपनीला देतो आणि कंपनी तो बहुधा सगळ्यांचा हप्ता आवरायला वापरते. म्हणजे आजाऱ्याच्या खिशातून धडधाकटाचा हप्ता उतरतो. विम्याचं काम खरं तर उलटं असायला हवं.

समजा दर ६०० डॉलर आणि रिबेट २४०. डिडक्टिबल चालू असताना तुम्ही ६०० भरता, नंतर २० टक्के कोइन्शुरन्सने (दरातला तुमचा टक्केवारीतला वाटा) १२०. रिबेट काउंटरवरच वजा झालं तर हेच आकडे ३६० आणि ७२ होतात. कोपे, म्हणजे दर वेळी भरायची रक्कम, ठरावीक असेल, समजा ४० डॉलर, तर काहीच फरक नाही. आणखी एक मेख: डिडक्टिबलमध्येही मग ३६०च धरले जातात. इतर उपचारांमुळे वर्षाची आउट-ऑफ-पॉकेट मर्यादा (स्वतःच्या खिशातून जास्तीत जास्त भरायची रक्कम) तशीही गाठणार असाल, तर एकूण बचत शून्य, फक्त डिडक्टिबल नव्याने सुरू होतं तेव्हाचा, जानेवारीचा दणका हलका होतो.

एचआरला आधी विचारा, प्लॅन फुली इन्शुअर्ड (खर्च विमा कंपनी सोसते) आहे की सेल्फ-फंडेड (खर्च तुमची कंपनीच सोसते). वेस्ट व्हर्जिनियाने २०२१ मध्ये रिबेट रुग्णाला देण्याचा कायदा केला, पण सेल्फ-फंडेड प्लॅन एरिसा या केंद्रीय कायद्याखाली येतात, तिथे असे राज्याचे कायदे सहसा लागू पडत नाहीत. तिथे निर्णय तुमच्या कंपनीचाच. मग विचारा, पीबीएमबरोबरच्या करारात ‘पॉइंट ऑफ सेल रिबेट’, म्हणजे काउंटरवरच वजा होणारं रिबेट आहे का आणि किती टक्के. कारण वजा होते ती अंदाजी रक्कम, पुष्कळदा पूर्ण नाही.

आईवडील मेडिकेअरवर, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी विम्यावर असतील तर यावर विसंबू नका. तिथला असाच नियम २०२० मध्ये निघाला, पण हप्ते आणि सरकारी खर्च वाढेल म्हणून अडला आणि २०२२च्या कायद्याने २०३२पर्यंत लांबला.

तोवर तुमच्या विम्यात बसणाऱ्या औषधांची यादी नीट वाचा. सेम्ग्ली हे इन्सुलिन २०२१ मध्ये दोन लेबलांनी आलं: ब्रँडवालं, १० मिलिची कुपी सुमारे २७० डॉलर, आणि बिनब्रँडचं, सुमारे ९९. आतला माल एकच. तरी एक्सप्रेस स्क्रिप्ट्सने २०२२च्या आपल्या मुख्य यादीत पसंती दिली ती महागड्या, रिबेटवाल्या कुपीला. तेव्हा फार्मासिस्टला कमी छापील दराची आवृत्ती आहे का ते विचारा आणि विम्याबाहेरचा दरही काढायला सांगा. मात्र विम्याबाहेर घेतलेलं औषध सहसा आपोआप डिडक्टिबलमध्ये धरत नाहीत. पावती पाठवून चालेल का, ते आधी विमा कंपनीकडून लेखी घ्या.