सूर की बुडी?

प्रश्न असा आहे : डायनोसॉरच्या काळातल्या हेस्पेरॉर्निस या नामशेष पक्ष्याला ‘पाण्यात सूर मारणारा, दातांचा पक्षी’ म्हटले तर चालेल का?

‘दातांचा’ चालेल, ‘सूर मारणारा’ मात्र नको. सूर मारायला उंची लागते. पोरे विहिरीच्या काठावरून सूर मारतात, फांदीवर टपून बसलेला खंड्या मासळीवर सूर मारतो. बुडीला उंची लागत नाही. तळ्यावर तरंगणारी टिबुकली बघता बघता दिसेनाशी होते आणि भलत्याच ठिकाणी वर येते, ती तिची बुडी. इंग्रजीत दोन्हींना ‘डाइव्ह’च म्हणतात, म्हणून भाषांतरात ही गल्लत होते.

हेस्पेरॉर्निसला उंची गाठताच येत नव्हती. त्याच्या पंखात दंडाचे एक बारीक हाड तेवढे उरले होते. सगळा जोर पायांत, आणि तेही पार शरीराच्या मागच्या टोकाला. सुमारे ८ कोटी वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेला उभा चिरत जाणारा एक उथळ समुद्र होता. तिथे हा जवळजवळ सहा फूट लांबीचा पक्षी पायांनी पाणी मागे रेटत माशांमागे जाई. ही बुडीच.

अमेरिकी जीवाश्मतज्ज्ञ ओथनिएल मार्श यांनी १८७२ मध्ये, कॅन्ससच्या खडूच्या खडकांत सापडलेल्या सांगाड्यांवरून, त्याला हे नाव दिले. ग्रीक ‘हेस्पेरॉस’ म्हणजे संध्याकाळ, आणि पश्चिमही. ‘ऑर्निस’ म्हणजे पक्षी. आपल्या ‘मावळती’तही वेळ आणि दिशा अशाच एकत्र नांदतात. त्यामुळे अर्थ सांगताना मी ‘पश्चिमी पक्षी’पेक्षा ‘मावळतीचा पक्षी’ म्हणेन. नाव मात्र हेस्पेरॉर्निसच ठेवावे.

दातांबद्दल थोडे अधिक. खालच्या जबड्यात ते जवळजवळ पूर्ण लांबीभर होते, वरच्यात फक्त मागच्या बाजूला, पुढे चोचच. अशा पक्ष्यांवर मार्श यांनी १८८० मध्ये मोठा ग्रंथ काढला, त्याचे नावच ‘ओडोंटॉर्निथीस’, म्हणजे दातवाले पक्षी. हे वाचताना मला संस्कृतातला ‘द्विज’ आठवतो. दुधाचा पडून पुन्हा येतो म्हणून दात द्विज. आधी अंडे, मग अंड्यातून बाहेर, म्हणून पक्षीही द्विज. हेस्पेरॉर्निसच्या तोंडात द्विजालाच द्विज होते!

तेव्हा वाक्य असे करा : ‘बुडी मारून मासे धरणारा, न उडणारा, दातांचा पक्षी’.