इंग्लंडमध्ये शिडाचे एकच जुने जहाज पाहायचे झाल्यास कोणते पाहावे?

आपण सोलापूरहून मुलीकडे इंग्लंडला जाणार आहात आणि तेथील शिडाच्या जुन्या जहाजांपैकी एकच पाहण्याइतका वेळ आहे, असे आपण लिहिले आहे. पोर्ट्समथचे ‘व्हिक्टरी’ किंवा ग्रिनिचचे ‘कटी सार्क’ कोणीही सुचवील. माझा आग्रह मात्र ईशान्य इंग्लंडमधील हार्टलपूलच्या ‘त्रिंकोमाली’साठी आहे, कारण ही युद्धनौका मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली बांधली गेली आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली.

तिचे आराखडे प्रथम ‘जावा’ या जहाजातून मुंबईला निघाले होते. १८१२च्या अखेरीस ब्राझीलजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ते जहाज जिंकले आणि आराखडे पुन्हा पाठवावे लागले. बांधणी सुरू होताना पारशी प्रथेप्रमाणे तळाच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकण्यात आला.

सोलापुरात आमची लाकडाची वखार असल्याने मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते तिचे लाकूड. नेपोलियनशी झालेल्या युद्धांमुळे ब्रिटनमध्ये ओकची टंचाई झाली होती, म्हणून ती मलबारच्या सागवानात बांधली गेली. ओकमधील आम्ल लोखंडी खिळे खाऊन टाकते. सागवानातील तेल मात्र लोखंडाला जपते आणि लाकडाला कीडही सहसा लागू देत नाही. आपल्याकडील जुन्या वाड्यांच्या तुळया रंधा मारताच आतून नव्यासारख्या निघतात, तसेच हे आहे.

तरीही केवळ लाकडामुळे ती वाचली नाही. १८९७ साली भंगारात निघालेले हे जहाज जॉर्ज व्हीटली कॉब यांनी विकत घेतले आणि ‘फूद्रोयां’ या नावाने मुलांच्या प्रशिक्षणासाठी वापरात ठेवले. १९८७ साली ते हार्टलपूलला आले, दशकभराहून अधिक काळ त्याची दुरुस्ती चालली आणि मूळ नावही परत मिळाले.

‘व्हिक्टरी’ १९२२ पासून सुक्या गोदीत उभे आहे, तर ‘त्रिंकोमाली’ आजही पाण्यावर तरंगते. त्यामुळे वरच्या डेकवरून डोलकाठ्या पाहून परतू नका. खालच्या मजल्यांवर अवश्य उतरा आणि तुळया जवळून पाहा. ‘कटी सार्क’ लंडनमध्येच असल्याने एखादी दुपार मोकळी मिळाल्यास तेही पाहून होईल.