मोठ्या फाइलीचा चेकसम पीएचपीमध्ये कसा काढावा?

प्रश्न : आमच्या संकेतस्थळावरून मोठ्या झिप फाइली डाउनलोड करता येतात. प्रत्येक फाइलीशेजारी तिचा चेकसम (फाइल बदलली आहे का हे ओळखण्यासाठी तिच्या मजकुरावरून काढलेला ठरावीक लांबीचा आकडा) दाखवण्यासाठी मी पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेमध्ये 'फाइल_गेट_कंटेंट्स'ने फाइल वाचून त्या मजकुरावर 'एमडी५' ही चेकसम काढण्याची पद्धत चालवतो. परंतु मोठ्या फाइलींच्या बाबतीत मेमरी अपुरी पडून स्क्रिप्ट बंद पडते. शिवाय काही फाइलींचा सर्व्हरवरील चेकसम माझ्या संगणकावर काढलेल्या चेकसमशी जुळत नाही. असे का होते?

उत्तर : 'फाइल_गेट_कंटेंट्स' संपूर्ण फाइल एकदम मेमरीत आणते आणि पीएचपीची मूळ मेमरी मर्यादा १२८ एमबी असते, त्यामुळे त्याहून मोठी फाइल तेथे मावत नाही. मर्यादा वाढवत जाणे हा उपाय नव्हे, कारण चेकसम काढण्यासाठी सगळी फाइल एकाच वेळी हाताशी असण्याची गरजच नसते. एसएचए-२५६ ही चेकसम काढण्याची दुसरी पद्धत ६४ बाइटचा एकेक ठोकळा घेते आणि पुढच्या ठोकळ्याकडे जाताना आधीच्या साऱ्या हिशेबातून केवळ ३२ बाइट सोबत नेते. म्हणून 'हॅश_फाइल' हे फंक्शन वापरावे आणि त्याला मजकूर न देता पद्धतीचे नाव व फाइलीचा पाथ द्यावा. ते फाइल तुकड्यातुकड्याने वाचते. फाइल उघडता आली नाही, तर ते 'फॉल्स' परत करते, हे तपासायला विसरू नये. चेकसम फाइल अपलोड होताच एकदा काढून डेटाबेसमध्ये ठेवावा. प्रत्येक वेळी पान उघडताना काही जीबी वाचणे व्यर्थ आहे.

पद्धत मात्र बदलावी, असे माझे स्पष्ट मत आहे. एकच एमडी५ देणाऱ्या दोन वेगळ्या फाइली बनवता येतात, हे २००४ साली दाखवले गेले. २०१७ साली एसएचए-१ या आणखी एका पद्धतीबाबतही तशा दोन पीडीएफ फाइली प्रसिद्ध झाल्या. वाटेत झालेला अपघाती बिघाड एमडी५ ओळखते, पण मुद्दाम केलेल्या फेरफाराची शंका असेल तर एसएचए-२५६ हवे. तेही पुरेसे नाही, कारण ज्याला तुमच्या सर्व्हरवरील फाइल बदलता येते, त्याला बहुधा शेजारचा आकडाही बदलता येतो. तेथे डिजिटल स्वाक्षरीच (गुप्त किल्लीने केलेली, फाइल मूळ मालकाचीच असल्याची खूण) लागते.

दोन चेकसम ताडताना '==' हे समानता तपासणारे चिन्ह वापरू नये. '२४०६१०७०८' आणि 'क्यूएनकेसीडीझेडओ' यांचे एमडी५ वेगळे आहेत, पण दोन्ही '०ई'ने सुरू होतात आणि पुढे केवळ अंक येतात. '०ई' म्हणजे शून्य गुणिले दहाचा घात असे मानून पीएचपी त्यांना शून्य किमतीच्या संख्या समजते आणि समान ठरवते. 'हॅश_इक्वल्स' वापरल्यास हा घोटाळा होत नाही.

न जुळणाऱ्या फाइलींबाबत आधी दोन्हीकडील आकार बाइटमध्ये पाहावा. एफटीपीने (फाइली सर्व्हरवर पाठवण्याच्या पद्धतीने) टेक्स्ट मोडमध्ये पाठवलेल्या झिप फाइलीत ओळीच्या शेवटाची चिन्हे बदलली जातात आणि फाइल बिघडते. अशा फाइली बायनरी मोडमध्ये पुन्हा पाठवाव्यात. अपलोड अर्धवट राहिले असेल तर आकार कमी भरेल, आणि एमडी५ 'डी४१डी८सीडी९'ने सुरू होत असेल तर सर्व्हरवरील फाइल जवळजवळ निश्चितच रिकामी आहे. आकार समान असूनही चेकसम वेगळे येत असतील, तर दोन्हीकडे एकच पद्धत वापरली आहे ना, हे तपासावे : एमडी५ची लांबी ३२ अक्षरे असते, एसएचए-२५६ची ६४.