स्प्रिंग ‘पिळलेली’ की ‘पीळ दिलेली’?

‘पिळलेल्या स्प्रिंगमधील ऊर्जा काढा’ हे गणितातलं वाक्य खटकतं. ‘पिळलेली’ बरोबर की ‘पीळ दिलेली’, असा प्रश्न आला आहे.

खटकतं, कारण ऊस, लिंबू, धुतलेला टॉवेल आपण पिळतो तेव्हा आतलं बाहेर येतं. ‘पिळवणूक’ त्याच गोत्रातली. पुढे ‘काढा’ आलं की स्प्रिंग चरकात घालून ऊर्जेचा ग्लासभर रस काढायचाय असंच वाटतं! पीळ देणं याच्या नेमकं उलट. सुतळीला पीळ देतात, मिशीला देतात. म्हणजे तो तिच्यात घालतात. स्प्रिंग फिरवताना आपण केलेलं कार्यही तिच्यातच साठतं. म्हणून मी लिहीन, ‘पीळ दिलेल्या स्प्रिंगमध्ये किती ऊर्जा साठली?’ (कान पिळल्यावर काय बाहेर येतं, ते ज्याचं त्याने आठवावं.)

आता गणित. पीळ म्हणजे इथे कोन, आणि तो रेडियनमध्येच (अंशासारखंच कोन मोजायचं एक एकक) धरायचा. साठलेली ऊर्जा म्हणजे कोनाचा वर्ग गुणिले स्प्रिंगचा स्थिरांक (ती किती ताठ आहे याचा आकडा), त्याचं निम्मं. निम्मं अशासाठी, की सुरुवातीला स्प्रिंग अजिबात अडत नाही, अडणं पिळाबरोबर वाढत जातं. स्थिरांक 0.05 न्यूटन-मीटर प्रति रेडियन असेल, तर एका पूर्ण फेऱ्याला, म्हणजे 6.28 रेडियनला, जेमतेम 1 जूल. 100 ग्रॅमचा पेरू मीटरभर उचलण्याइतकी. दोन फेरे दिले तर दुप्पट नाही, चौपट. आणि रेडियनऐवजी 360 अंश घातले तर उत्तर 3,240 येतं. एवढ्यात पेरूच काय, पेरूवालाही उचलला जाईल.

‘सुंभ जळाला तरी पीळ जात नाही’ ही म्हण मात्र इथे लावू नका. सुंभाचा पीळ अंगवळणी पडलेला, सोडलं तरी उलगडत नाही. स्प्रिंगचा पीळ सोडताच उलगडतो, म्हणून तर ऊर्जा परत मिळते.

‘पिळाचा’मधला पि ऱ्हस्वच, तीळ-तिळाचा तसा.

जाता जाता एक गंमत. कपड्यांच्या चिमट्यातल्या स्प्रिंगला आपण पीळ देतो, पण तिची तार पिळली जात नाही, वाकते. बटणाच्या पेनातली स्प्रिंग आपण नुसती दाबतो, आणि पीळ पडतो तो तिच्या तारेला.