वाचकांचे प्रश्न : दुसऱ्याच्या युद्धाला दारूगोळा पुरवताना

प्रश्न : अमेरिका २०२२ पासून युक्रेनला तोफगोळे आणि क्षेपणास्त्रे देत आहे व त्यांतील बरीचशी तिच्या स्वतःच्या सैन्याच्या कोठारांतून जातात, असे वाचनात आले. यामुळे तिची युद्धसज्जता कमी होत नाही का? आणि इतक्या श्रीमंत देशाला ही तूट पैसे टाकून लगेच भरून का काढता येत नाही? — एक वाचक, सातारा

उत्तर : सज्जता कमी होते, यात शंका नाही. पहिल्या तीन वर्षांत युक्रेनला दिलेल्या १५५ मिलिमीटर तोफगोळ्यांची संख्या ३० लाखांवर गेली. याउलट युद्ध सुरू झाले तेव्हा अमेरिकी कारखान्यांतून महिन्याला जेमतेम १४ हजार गोळे बाहेर पडत होते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कारखान्यातच मिळते. पेनसिल्व्हेनियातील स्क्रँटन येथे, एकेकाळी रेल्वे इंजिने दुरुस्त होत त्या जुन्या इमारतींत, पोलादी कांबींचे तुकडे लालबुंद तापवून दाबयंत्राखाली पोकळ कवचाच्या आकारात आणले जातात. ही कवचे पुढे आयोवा राज्यात जातात. तेथे त्यांत वितळलेले स्फोटक ओतून सावकाश थंड करतात आणि आत भेग किंवा पोकळी राहिलेली नाही, याची क्ष-किरणांनी खात्री करून घेतात, कारण सदोष गोळा तोफेच्या नळीतच फुटू शकतो. निधी मंजूर झाला म्हणून हे काम घाईने उरकता येत नाही. शिवाय टीएनटीचे देशांतर्गत उत्पादन १९८० च्या दशकातच बंद केल्यामुळे या स्फोटकासाठी अमेरिका पोलंडकडे पाहत होती. केंटकीत नवा कारखाना उभारण्याचे कंत्राट २०२४ च्या अखेरीस दिले गेले. खांद्यावरून डागायच्या स्टिंगर क्षेपणास्त्राचे तर काही सुटे भागच मिळेनासे झाले होते, आणि त्याची जोडणी शिकवण्यासाठी सत्तरीतील निवृत्त कर्मचाऱ्यांना परत बोलवावे लागले.

या तुटीचा सर्वांत क्लेशकारक परिणाम जुलै २०२३ मध्ये दिसला. युक्रेनला क्लस्टर तोफगोळे देण्याचा निर्णय घेताना राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी नेहमीचे गोळे कमी पडत असल्याचे उघडपणे सांगितले. या गोळ्यांतील न फुटलेले छोटे बाँब युद्ध संपल्यावरही शेतांत माणसांचे बळी घेतात. शांततेच्या काळात कारखान्यांवर केलेल्या काटकसरीची किंमत परक्या देशातील शेतकऱ्याने मोजावी, हे आम्हाला अत्यंत अन्यायाचे वाटते.

उत्पादन महिन्याला एक लाखावर नेण्याचे उद्दिष्ट ठरले, टेक्सासमधील मेस्किट येथे नवा कारखानाही उघडला. तरी २०२४ च्या उत्तरार्धात आकडा ४० हजारांच्या आसपासच होता. तुम्ही विचारलेली शंका खुद्द अमेरिकी संरक्षण खात्यालाही होती : जुलै २०२५ मध्ये त्याने आपल्या साठ्याचे कारण देऊन काही शस्त्रांचा पुरवठा थोडे दिवस थांबवला, आणि त्यांत हे १५५ मिलिमीटरचे गोळेही होते.